घरातील भाजीपाला लागवड

घरातील भाजीपाला लागवड म्हणजे स्वयंपाकघराचा ओटा, खिडकीची चौकट, बंदिस्त बाल्कनी किंवा खोलीतील मांडणी अशा छपराखालच्या अल्प जागेत खाण्यायोग्य भाज्या वाढविण्याची पद्धती होय. परसबाग आणि गच्चीवरील बाग यांच्याशी तिचे नाते जवळचे असले, तरी एका मूलभूत बाबतीत ती या दोहोंपासून वेगळी आहे. परसात किंवा गच्चीवर वनस्पतीला संपूर्ण आकाश मिळते. घरात मात्र खिडकीतून दिसणारा आकाशाचा तुकडाच तिच्या वाट्याला येतो. त्यामुळे गच्चीवर यशस्वी ठरलेली पद्धत घरात जशीच्या तशी लागू पडत नाही. खत, माती आणि पाणी यांची उत्तम व्यवस्था करूनही घरातील मिरचीला फळ धरत नाही, त्याचे कारण बहुधा याच फरकात असते.

इतिहास

छपराखाली भाजी पिकविण्याचे जुने वर्णन रोमन लेखक थोरला प्लिनी याच्या लेखनात आढळते. सम्राट टायबेरिअस याला काकडीवर्गातील एक फळ रोज लागत असे. त्यासाठी चाकांवरील वाफे दिवसा उन्हात नेत आणि थंडीत पारदर्शक खनिजाच्या पत्र्यांनी झाकलेल्या जागेत ठेवत, असे तो सांगतो. मातीविना लागवडीचा शास्त्रीय पाया १८६०च्या सुमारास जर्मनीत युलिउस फोन झाक्स आणि व्हिल्हेल्म क्नोप यांच्या प्रयोगांनी घातला गेला. विरघळलेल्या क्षारांवर वनस्पती पूर्ण वाढू शकते, हे त्यांनी दाखविले. कॅलिफोर्निया विद्यापीठातील विल्यम गेरिक यांनी १९३७ मध्ये या पद्धतीला ‘हायड्रोपोनिक्स’ हे नाव रूढ केले. भारतात १९४०च्या दशकाच्या उत्तरार्धात शोल्टो डग्लस यांनी कालिंपाँग येथे स्वस्त साधनांनी तिचे प्रयोग केले. ती पद्धत ‘बंगाल पद्धती’ म्हणून ओळखली जाते.

महाराष्ट्रात शहरी शेतीचा विचार मुख्यतः गच्चीच्या अंगाने झाला. कोल्हापूरचे श्रीपाद अच्युत दाभोळकर यांच्या ‘प्रयोग परिवार’ चळवळीने सूर्यप्रकाशाचा पुरेपूर वापर हा पिकाच्या हिशेबाचा केंद्रबिंदू मानला. मुंबईत आर. टी. दोशी यांनी उसाचे चिपाड वापरून गच्चीवर भाजी पिकविली, तर मुंबई पोर्ट ट्रस्टच्या उपाहारगृहाच्या गच्चीवर प्रीती पाटील यांच्या पुढाकाराने ओला कचरा जिरवून बाग उभी राहिली. हे सर्व प्रयोग उघड्या आकाशाखालचे आहेत, हे त्यांचे निष्कर्ष घरात लावताना ध्यानात ठेवावे लागते.

प्रकाश

घरातील लागवडीचे यशापयश प्रामुख्याने प्रकाशावर ठरते. याबाबत मानवी डोळा मोठा फसवा साक्षीदार आहे. बाहुली लहान-मोठी करून डोळा कमी उजेडाशी जुळवून घेतो, म्हणून खोली ‘लख्ख’ वाटते. प्रत्यक्ष मोजणी केल्यास निरभ्र दुपारचे ऊन सुमारे १,००,००० लक्स भरते आणि वाचनास पुरेसा मानला जाणारा खोलीतील उजेड ३०० ते ५०० लक्स. म्हणजे दोहोंत दोनशे पटींहून अधिक अंतर असते.

वनस्पती प्रकाशसंश्लेषणाने अन्न तयार करते आणि श्वसनाने त्यातील काही भाग खर्च करते. ज्या उजेडात जमा आणि खर्च समसमान होतात, त्याखाली वनस्पती साठ्यावर जगते आणि हळूहळू खंगते. उन्हात वाढणाऱ्या बहुतेक भाज्यांसाठी ही सीमा साधारण ५०० ते १,००० लक्सच्या आसपास असते. याचा अर्थ, पुस्तक सहज वाचता येईल अशा खोलीच्या मध्यभागी ठेवलेली पालकाची कुंडी वाढत नसते. तिचा मृत्यू केवळ लांबलेला असतो. पालेभाजीच्या चांगल्या वाढीसाठी दिवसाचे दहा-बारा तास १०,००० लक्सच्या आसपास प्रकाश हवा. टोमॅटो आणि मिरचीला याच्या दुप्पट किंवा त्याहूनही अधिक लागतो.

अपुऱ्या प्रकाशाचे दृश्य मराठी घरांना चांगले परिचयाचे आहे. नवरात्रात घटाभोवतीच्या मातीत पेरलेले धान्य देवघराच्या मंद उजेडात नऊ दिवसांत वीतभर उंच होते. पण ते फिकट पिवळे, बारीक आणि लवलवते असते. ही वाढ बियांतील साठ्यावर झालेली असते. अंधारात सापडलेला अंकुर हरितद्रव्य तयार करण्याऐवजी प्रकाशाच्या शोधात सारी शक्ती उंचीसाठी वापरतो. घटासाठी ती अवस्था शोभते. भाजीच्या कुंडीत मात्र दोन पानांमधले अंतर वाढणे, देठ खिडकीकडे झुकणे आणि पाने फिकी पडणे ही उपासमारीची लक्षणे होत. अशा रोपाला खत दिल्याने उपयोग होत नाही, उलट क्षार साचून अपायच होतो.

मोजमापाचे साधन नसल्यास सावलीची साधी परीक्षा उपयोगी पडते. कुंडी ठेवायच्या जागी दुपारी पांढरा कागद ठेवून त्यावर सुमारे ३० सेंमी उंचीवर हात धरावा. सावलीच्या कडा रेखीव दिसल्यास जागा फळभाजीच्या विचारास योग्य, आकार ओळखू येत असूनही कडा पुसट असल्यास पालेभाजीला पुरेशी, आणि सावली जेमतेम जाणवल्यास तेथे मोड किंवा लसणाची पात यांपलीकडे जाऊ नये. मोबाइलमधील प्रकाशमापक अ‍ॅपचे आकडे अचूक नसले, तरी घरातील दोन जागांची तुलना करण्यास ते पुरतात.

खिडकीची दिशा आणि ऋतू

युरोप-अमेरिकेतील बागकामाच्या पुस्तकांत ‘दक्षिणेची खिडकी सर्वोत्तम’ हा सल्ला नेमाने येतो आणि तो मराठी लेखांतही तसाच उतरतो. लंडनसारख्या ५१ अंश उत्तर अक्षांशावरील शहरात सूर्य वर्षभर दुपारी दक्षिणेस असतो, त्यामुळे तेथे हा सल्ला रास्त आहे. महाराष्ट्रात त्याला ऋतूची अट जोडावी लागते. मुंबई सुमारे १९ अंश उत्तर अक्षांशावर आहे. २२ डिसेंबरच्या सुमारास तेथे दुपारचा सूर्य दक्षिण क्षितिजापासून सुमारे ४७ अंशांवर असतो आणि ऊन दक्षिणेच्या खिडकीतून खोलीत बरेच आत येते. मेच्या मध्यास तोच सूर्य माथ्यावर येतो. ‘शून्य सावली दिवस’ म्हणून शाळांत पाहिला जातो तो हाच प्रसंग. त्यानंतर जुलैच्या अखेरीपर्यंत दुपारचा सूर्य मुंबईच्या उत्तरेस असतो. या काळात दक्षिणेच्या खिडकीला थेट ऊन जवळजवळ मिळत नाही आणि जे मिळू शकले असते ते छज्जा किंवा वरच्या मजल्याची बाल्कनी अडविते.

यावरून कुंडी वर्षभर एकाच जागी ठेवणे गैरसोयीचे ठरते. ऑक्टोबर ते फेब्रुवारी दक्षिणेची खिडकी आणि मार्च ते मे पूर्वेची खिडकी हा क्रम महाराष्ट्रातील बहुतेक घरांना मानवतो. हिवाळ्यातील दक्षिणेचे ऊन आणि मेथी, पालक, कोथिंबीर यांचा आवडता थंड काळ एकत्र येतात, हा या अक्षांशावरचा मोठाच लाभ आहे. पश्चिमेच्या खिडकीतही ऊन भरपूर येते. परंतु विदर्भ-मराठवाड्याच्या उन्हाळ्यात दुपारनंतर तापलेल्या भिंतीजवळ कुंडीतील माती इतकी गरम होते की मुळे भाजतात. कोकणात जून ते ऑगस्ट ढगाळ हवेमुळे सर्वच दिशांचा प्रकाश घटतो. तेव्हा नवी पेरणी न करणे शहाणपणाचे असते.

खिडकीपासून एक-दोन मीटर आत गेल्यावर प्रकाश निम्म्याहून पुष्कळ कमी होतो, कारण तेथून दिसणारे आकाशच आक्रसते. डासांची जाळी, रंगीत काच आणि धुळीचा थर आपापला वाटा काढून घेतात. काच पुसणे हा प्रकाश वाढविण्याचा सर्वांत स्वस्त उपाय होय.

पिकांची निवड

पिके निवडताना एक ढोबळ नियम उपयोगी ठरतो: खाण्याचा भाग साठ्यातून येणार आहे, पानातून की फळातून, यावर प्रकाशाची गरज ठरते.

साठ्यावर वाढणाऱ्या पिकांत मोड आलेली कडधान्ये प्रथम येतात. मटकी किंवा मूग रात्रभर भिजवून फडक्यात बांधून ठेवणे ही घरातील भाजी-उत्पादनाची सर्वांत जुनी आणि सर्वांत भरवशाची रीत आहे. तिला लागवड म्हणण्याचे कुणाच्या मनात येत नाही इतकेच. मोड येताना कडधान्यात नसलेले क जीवनसत्त्व तयार होऊ लागते. लसणाच्या पाकळ्या किंवा लहान कांदे ओलसर मातीत खोचल्यास दोन-तीन आठवड्यांत पात मिळते. गड्ड्यातील साठा संपला की उत्पादन थांबते आणि नवा गड्डा लावावा लागतो.

यापुढची पायरी मायक्रोग्रीनची. मोहरी, मुळा, मेथी किंवा राजगिरा उथळ तबकात दाट पेरून एक ते दोन आठवड्यांत, पहिली खरी पाने डोकावू लागताच, कात्रीने कापून घेतात. बियांतील साठा आणि खिडकीतील मध्यम उजेड यांवर हे पीक निभावते. त्यासाठी खाण्यासाठी विकले जाणारे धान्य किंवा प्रक्रिया न केलेले बियाणेच घ्यावे. शेतीसाठीच्या बियाण्यास अनेकदा बुरशीनाशक चोळलेले असते आणि ओळख पटावी म्हणून त्याला गुलाबी वा निळा रंग दिलेला असतो; ते अशा वापरास घातक आहे. टोमॅटो, मिरची आणि वांगे यांची कोवळी रोपेही खाण्यास योग्य नाहीत.

पालेभाज्यांत मेथी सर्वांत सोपी. पेरणीपासून महिन्याभरात ती कापणीस येते. कोथिंबिरीचा धणा हे वस्तुतः दोन बिया असलेले फळ आहे. तो हलक्या हाताने रगडून दोन भाग केल्यास व काही तास भिजवून पेरल्यास उगवण एकसारखी होते. उन्हाळ्यात कोथिंबीर लवकर फुलावर येते आणि पाला थांबतो. पुदिन्याच्या बाजारातून आणलेल्या जुडीतील जाड काड्या पाण्यात ठेवल्या की आठ-दहा दिवसांत मुळे फुटतात. पुदिना, पानओवा आणि अळू ही कमी प्रकाश सोसणारी पिके होत. तुळस व कढीपत्ता यांना मात्र ऊन लागते, हे त्यांच्या अंगणातील जागेवरूनही कळावे.

फळभाज्यांत मिरची आणि लहान फळांचा टोमॅटो यांनाच घरात थोडीफार आशा असते, तीही रोज पाच-सहा तास थेट ऊन येत असेल तर. दोन्ही झाडे स्वपरागित असली, तरी फुलातील पराग सुटण्यासाठी हालचाल लागते. बाहेर ते काम वारा आणि गुणगुणणारे भुंगे करतात. बंद घरात फुलोऱ्याला दुपारी बोटाने हलकी टिचकी मारावी लागते. टोमॅटोला रात्री उकाडा राहिल्यास फुले गळतात, त्यामुळे एप्रिल-मेमध्ये फळ न धरणे हा माळ्याचा दोष नसतो. काकडी, दोडका, कारली यांची नर व मादी फुले वेगळी असतात आणि वेल जागा फार घेतो. ती घरात लावू नयेत.

उत्पादनाविषयीच्या अपेक्षा माफक असाव्यात. मेथीचे शेतातील उत्पादन हेक्टरी सात-आठ टन धरले, तर ३० × ४५ सेंमीच्या तबकाच्या वाट्याला सुमारे १०० ग्रॅम पाला येतो. दाट पेरणीने तो वाढतो, तरी एका कुटुंबाची भाजी त्यातून होत नाही. फोडणीतला कढीपत्ता, वरणावरची कोथिंबीर आणि पुदिन्याची चटणी यांच्याइतक्या अल्प प्रमाणात लागणाऱ्या, बाजारातून आणल्यावर निम्म्या वाया जाणाऱ्या गोष्टींसाठीच ही लागवड किफायतशीर ठरते.

भांडी, माध्यम आणि पाणी

पालेभाजीला १५ सेंमी खोलीचे भांडे पुरते. मिरचीला २५ ते ३० सेंमी खोली हवी. श्रीखंडाचे डबे, आइस्क्रीमचे खोके, फळांच्या पेट्या यांतले काहीही चालते, मात्र तळाला भोके अत्यावश्यक आहेत. भोकांऐवजी तळाशी खडीचा थर द्यावा, हा प्रचलित समज चुकीचा आहे. बारीक कणांच्या मातीतून पाणी भरड खडीत सहज उतरत नाही. माती पूर्ण भिजेपर्यंत ते वरच अडते. परिणामी पाण्याने तुडुंब झालेला थर मुळांच्या अधिक जवळ येतो. भोकावर खापरीचा एक तुकडा किंवा जाळी ठेवणे पुरेसे आहे.

शेतातील किंवा बागेतील माती कुंडीत घट्ट बसते आणि जड असते. ओल्या मातीने भरलेली २० लिटरची कुंडी ३५ किलोग्रॅमच्या आसपास भरू शकते. राहत्या घराच्या जमिनीसाठी भारतीय मानक ८७५ नुसार संकल्पित भार चौरस मीटरला सुमारे २०० किलोग्रॅम धरला जातो. खिडकीची लोखंडी जाळी अशा भारासाठी बांधलेलीच नसते. वरच्या मजल्यावरून कुंडी पडल्यास जीवितहानी होऊ शकते, म्हणून जाळीत कुंड्या ठेवण्याचा मोह टाळावा. नारळाच्या काथ्याचा भुसा म्हणजे कोकोपीट आणि गांडूळखत यांचे मिश्रण हलके असते व ओल धरून ठेवते. कोकोपीटच्या विटेत क्षार असू शकतात. वापरापूर्वी ती भिजवून दोन-तीन वेळा धुवावी. कोकोपीटमध्ये स्वतःचे पोषण जवळजवळ नसते.

घरातील कुंड्या तहानेपेक्षा अतिपाण्यानेच अधिक मरतात. कमी उजेडात वनस्पती पाणी कमी ओढते, माती ओली राहते, मुळांना हवा मिळत नाही आणि ती कुजतात. मुळे कुजलेले रोपही कोमेजलेलेच दिसते, त्यामुळे त्यावर आणखी पाणी घातले जाते. बोट दोन पेरे मातीत घालून ओल पाहावी आणि मगच पाणी द्यावे. पाणी शुद्ध करणाऱ्या आरओ यंत्रातून बाहेर पडणारे पाणी वाया जाऊ नये म्हणून कुंड्यांना घालण्याची पद्धत पडली आहे. त्यात मूळ पाण्यातील क्षार एकवटलेले असतात. लहान भांड्यात ते साचून पानांच्या कडा करपतात.

मातीविना लागवड

घरगुती वापरासाठी सर्वांत सोपी पद्धत हवाई विद्यापीठातील बर्नार्ड क्राटकी यांच्या नावाने ओळखली जाते. अपारदर्शक भांड्यात पोषकद्रव भरून झाकणातील जाळीदार पेल्यात रोप बसवितात. रोप पाणी पिते तशी पातळी खाली जाते. उघडी पडलेली वरची मुळे हवा घेतात आणि खालची पाणी. पंप किंवा वीज लागत नाही. द्रवाचा सामू ५.५ ते ६.५ राखावा. कॅल्शियम नायट्रेट आणि सल्फेटयुक्त खते तीव्र स्वरूपात एकत्र केल्यास जिप्समचा साका बसतो, म्हणून ती वेगवेगळी विरघळवून भरपूर पाण्यात मिसळतात. सॅलडची पाने आणि पालक यांना ही पद्धत मानवते.

कृत्रिम प्रकाश

निळ्या एलईडीच्या शोधामुळे पांढरा एलईडी दिवा शक्य झाला; त्यासाठी अकासाकी, अमानो आणि नाकामुरा यांना २०१४ चे भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. अशा दिव्यांखाली वाढविलेले सॅलड ऑगस्ट २०१५ मध्ये आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकातील अंतराळवीरांनी खाल्ले. घरासाठी जांभळ्या रंगाचे महागडे दिवे आवश्यक नाहीत. साधा पांढरा एलईडी पालेभाजीला चालतो. दिवा पानांपासून २० ते ३० सेंमीवर असावा, कारण अंतर वाढताच प्रकाश झपाट्याने विखुरतो. छताला लावलेली नळी वनस्पतीच्या दृष्टीने नसल्यासारखीच.

खर्चाचा हिशेब सोपा आहे. ५० × ५० सेंमीच्या तबकावर २० वॅटचा चांगला दिवा रोज १४ तास लावल्यास महिन्याला ८.४ युनिट वीज लागते. शेतातील उत्पादनाच्या दराने तेवढ्या जागेत महिन्याकाठी सुमारे २०० ग्रॅम मेथी निघेल. ज्या भावात बाजारात जुडी मिळते, त्या भावात दिव्याखालची मेथी क्वचितच बसते. म्हणून दिवा हा अंधाऱ्या घरातला छंद किंवा पावसाळ्यातील पूरक उपाय ठरतो. बचतीचे साधन म्हणून त्याची केली जाणारी भलामण तपासून घ्यावी. घरातील भाजीच्या कुंड्या हवा शुद्ध करतात, हा दावाही असाच आहे. तो प्रामुख्याने बंद पेटीतील प्रयोगांवर आधारलेला असून, खऱ्या खोलीत खिडकी उघडल्याने होणाऱ्या वायुविजनापुढे चार कुंड्यांचा परिणाम नगण्य असतो.

कीड आणि रोग

घरात पाऊस पानांवरील किडी धुऊन नेत नाही आणि मावा खाणारे ढालकिडेही येत नाहीत. त्यामुळे मावा, पिठ्या ढेकूण आणि पांढरी माशी यांचा शिरकाव झाला की त्यांना मोकळे रान मिळते. कोरड्या हवेत लाल कोळी वाढतो. पानामागे बारीक जाळी दिसणे ही त्याची खूण. आठवड्यातून एकदा पाने उलटून पाहणे, नळाखाली धुणे आणि सौम्य साबणाचे पाणी फवारणे एवढ्याने सुरुवातीचा प्रादुर्भाव आटोक्यात येतो. मातीभोवती घोंगावणारी काळी चिलटे सतत ओल्या मातीत वाढतात. वरचा थर वाळू देणे हाच त्यांवरील खरा उपाय. दाट पेरलेली रोपे बुडाशी कुजून आडवी होतात, तेव्हा विरळणी व हवा खेळती ठेवणे आवश्यक असते. खाण्याच्या पानांवर घरात रासायनिक कीटकनाशके वापरू नयेत.

आरोग्य आणि शेजार

मोडांना लागणारी ऊब व ओल जिवाणूंनाही मानवते. २०११ मध्ये जर्मनीत ई. कोलाय जिवाणूच्या साथीत ५० हून अधिक लोक दगावले. तिचा माग मेथीच्या मोडांपर्यंत लागला. उसळ शिजवून खाण्याच्या रीतीत हा धोका बहुतांशी टळतो. कच्चे मोड लहान मुले, गरोदर स्त्रिया, वृद्ध आणि प्रतिकारशक्ती क्षीण असलेल्या व्यक्तींना देऊ नयेत. मंद प्रकाशात वाढलेल्या पालेभाजीत नायट्रेटचे प्रमाण वाढते, विशेषतः नत्रयुक्त खत सढळ दिलेले असल्यास. त्यामुळे कमी उजेडात खताचा हात आखडता ठेवावा.

कुंडीखालच्या ताटलीत साचलेले स्वच्छ पाणी हे डेंग्यू पसरविणाऱ्या एडिस डासाचे आवडते प्रजननस्थान आहे. अंड्यापासून डास होण्यास आठवडा-दहा दिवस लागतात. म्हणून ताटली आठवड्यातून किमान एकदा रिकामी करून कोरडी पुसावी. अंडी कडेला चिकटून राहत असल्याने ती घासणेही आवश्यक असते. क्राटकी पद्धतीच्या भांड्याची झाकणे आणि फटी याच कारणासाठी घट्ट बंद ठेवतात. सदनिकांमध्ये खालच्या मजल्यावर होणारी गळती हे वादाचे नेहमीचे कारण असते. कुंड्या जमिनीपासून थोड्या उंच, खोल तबकात ठेवल्यास ओल स्लॅबमध्ये मुरत नाही.